कोल्हापुरी चपलेतली वेणी

बचत गटाच्या बैठकीला आलं की दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. त्यात बहुतेक रबरी स्लिपरच असतात, कोल्हापुरी एखादीच. ती आपण लग्नकार्याला काढतो. पण एके काळी ही शेतात वापरायची, रोजची जाड चपल होती. गावोगावी तिची नावंही वेगळी होती. कापशी गावची ती कापशी.

म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमवायचं, हे काम ढोर समाजाचं. त्यातून चपल घडवायची ती चर्मकार समाजानं. खिळा एकही नाही, सगळी शिवण कातडी वादीची. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) या धंद्याला उत्तेजन दिलं आणि कोल्हापूरचं नाव त्याला कायमचं चिकटलं.

आता बाईचं काम बघा. तळ कापणं, ठोकणं हे पुरुषाकडं. पट्ट्यावरची बारीक वेणी विणणं, नक्षीची भोकं पाडणं, शिवणं हे बायकांकडं. चपल विकली जाते ती त्या वेणीवर! पण दुकानात बसायचा पुरुष, म्हणून कारागीर म्हटलं की त्याचंच नाव पुढं. बाईचं काम घरकामात जमा. हे आपल्याला काही नवीन नाही.

आणखी एक गोष्ट सांगताना जीभ अडखळते, पण सांगायला हवी. ज्या घरांनी गावाला चपला पुरवल्या, त्याच घरच्या माणसांना वरच्या आळीतून जाताना चपल काढून हातात घ्यावी लागे. सासऱ्यासमोर सुनेनं चपल घालायची नाही, ही रीतही पुष्कळ घरांत होती. उन्हातान्हात कितीतरी बायका अनवाणीच राबल्या. त्यांच्या टाचांच्या भेगा काही नशिबानं पडल्या नव्हत्या.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत तर टोहोल्ड नावाच्या उपक्रमात कारागीर बायकांचे बचत गटच उभे राहिले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये अशीच चपल दाखवली, ती कोल्हापूरचं नाव न घेता. इकडं ओरड झाली, तेव्हा मूळ भारतातलं आहे हे कंपनीनं कबूल केलं.

राहिला पायाचा प्रश्न. नवी कोल्हापुरी चावते, खोटं कशाला बोलू? पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून तेल लावा, आधी घरातच थोडा वेळ घाला. चार-आठ दिवसांत कातडं मऊ होतं आणि तळ तुमच्या पावलाचा आकार घेतो. टाच उंच नसल्यानं चवड्यावर जादा भार येत नाही. कातड्यात घामही कमी साचतो. मात्र तळ सपाट आणि कडक, त्यामुळं टाच दुखणाऱ्या बाईला दिवसभर ती सोसणार नाही. पावसात तर घालूच नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, चुलीजवळ नको.

आणि जिला साखरेचा आजार आहे, पायाला बधिरपणा आहे, तिनं ही चपल घालूच नये. अंगठा घासून जखम झाली तरी तिला कळत नाही. तिनं मागं पट्टा असलेली मऊ तळाची चपल घ्यावी, आणि रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या मधे बघावं. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला बघायला सांगावं.