छावणीतील ढोलकी आणि केडगावचा अग्नी

आमच्या छावणीत रविवारची सकाळ दोन आवाजांनी उजाडते. एक आवाज दगडी चर्चचा. निजामाचा पैसा आणि इंग्रजांचा हुकूम अशा दुहेरी व्यवस्थेने चालणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज एके काळी येथे तळ देऊन होती. त्या दिवसांची ती आठवण. दुसरा आवाज गल्लीतल्या एका साध्या, पत्र्याच्या छपराच्या प्रार्थनागृहातून येतो. ढोलकी, झांजा, टाळ्या, आणि मग लहानथोर सर्वांची एकदम, मोठ्याने चाललेली प्रार्थना. ही मंडळी पेन्टेकॉस्टल पंथाची.

एकदा वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, “बाई, हा पंथ अमेरिकेतून आलेला ना?” मी “हो” म्हणून मोकळी झाले. पुढे या विषयावर चार पुस्तके चाळली तेव्हा कळले, की आपण मुलाला अर्धेच उत्तर दिले. राहिलेले अर्धे आज सांगते.

प्रथम या लोकांची श्रद्धा काय ते पाहू. पेन्टेकॉस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थ पन्नासावा. वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा तो यहुद्यांचा हंगामाचा सण. त्या दिवशी येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, अग्नीच्या जिभा दिसल्या आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, अशी कथा बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात आहे. पुष्कळ ख्रिस्ती पंथांनी ते देणे पहिल्या पिढीपुरते मानले. पेन्टेकॉस्टल मंडळी म्हणतात, ते आजही मिळते. म्हणून कळत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, त्यानंतर आत्म्याचा बाप्तिस्मा, अन्य भाषांत बोलणे, आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना आणि येशूच्या पुनरागमनाची वाट पाहणे, या गोष्टींना त्यांच्यात मोठे स्थान आहे.

या पंथाचा जन्म 1906 साली लॉस एंजेलिस शहरातील अझुसा रस्त्यावर झाला असे सांगतात. विल्यम सेमूर हा गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा तेथे उपदेश करी. हे खरेच आहे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात जे घडले, त्याची ओळख आपल्या घराघरांतून फारशी राहिलेली नाही.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. नगरजवळचे केडगाव ते हे नव्हे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या; दुष्काळात आईबाप गमावून, भावाबरोबर पायी देश हिंडून 1878 साली कलकत्त्याला पोचली आणि तेथे ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवती झाली. 1883 साली इंग्लंडात तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे शारदासदनातील विधवांच्या धर्मांतरावरून 1893 साली पुण्यात केवढे वादळ उठले, हे सुशिक्षित वाचकांना ठाऊक आहे. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही तेव्हा दूर झाले. त्या वादात दोन्ही बाजूंना दुखावलेली माणसे होती.

मग 1896–97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने काडी झालेल्या मुली घेऊन आल्या. 1900 साली गुजरातेतून आणखी आल्या. कोणी टाकलेल्या, कोणी विकायला काढलेल्या. त्यांना केडगावात जेवण मिळाले, अक्षर मिळाले, विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम मिळाले.

1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी बायका बोलावल्या. आरंभी सुमारे सत्तर होत्या. जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास झाल्या. 29 जूनच्या रात्री निजायच्या खोलीत एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्याचा भास झाला. दुसरीला ती खरोखर पेटलेली दिसली, आणि ती पाण्याची बादली आणायला धावली! मला या साऱ्या कथेत ती बादलीवाली मुलगी फार आवडते. सदनात चमत्कार घडत होता की नाही याचा निवाडा पंडितांनी करावा. पण मैत्रीण जळते आहे असे वाटताच ती धावली. जिच्यासाठी एके काळी कोणी धावले नव्हते, अशा मुलींमधलीच ती एक.

पुढल्या वर्षी त्या मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. दौंडचे पाद्री अल्बर्ट नॉर्टन यांनी तर एक मुलगी शुद्ध इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहून ठेवले आहे. टीका झाली, हा भावनांचा उमाळा आहे, असे मिशनरीच म्हणू लागले. रमाबाई स्वतः अन्य भाषांत बोलल्या नाहीत, आणि ज्याला ते देणे नाही तो उणा, असेही त्यांनी मानले नाही. पण मुलींची बाजू मात्र त्यांनी सोडली नाही. आमच्या लोकांनी आपल्या रीतीने रडावे, गावे, प्रार्थना करावी. ती रीत परदेशी साच्यात बसलीच पाहिजे असे नाही, असा त्यांचा रोख होता.

सदनातील मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी 1906 साली या घटनांवर एक पुस्तिका लिहिली. ती चिली देशात वालपाराइसोला हूव्हर दांपत्याच्या हाती पडली, आणि 1909 साली तेथे जी जागृती झाली तिच्यातून चिलीतील पेन्टेकॉस्टल मंडळ्या निघाल्या. दुष्काळातून उचललेल्या पोरींची गोष्ट समुद्रापार गेली ती अशी.

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

तेव्हा छावणीतल्या ढोलकीचे मूळ सांगताना अझुसाचे नाव घ्यावे, पण केडगावचेही घ्यावे. त्या श्रद्धेत सामील होणे न होणे ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मी तर सामील नाही. मात्र यंदा पुन्हा कोणी मुलाने तोच प्रश्न विचारला, तर मी आधी त्याला त्या बादलीवाल्या मुलीची गोष्ट सांगणार आहे.