धुरात गेलेलं पेट्रोल

ऐंशी-नव्वदच्या दशकात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत, दुचाकीच्या टाकीत नुसतं पेट्रोल क्वचितच पडायचं. पंपावरचा माणूस मापानं ऑइल टाकायचा आणि वरून पेट्रोल सोडायचा. लुना, एम-80, चेतक ही सगळी टू-स्ट्रोकची मंडळी. त्यांच्या इंजिनाला वेगळं वंगण नसतं, ते पेट्रोलात मिसळूनच द्यावं लागतं. मागून निघणारा निळसर धूर त्या ऑइलचा. तो दिसतो, म्हणून सगळा दोष त्यालाच मिळाला. खरं नुकसान न दिसणारं होतं.

टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट आणि नवं मिश्रण आत येण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. नवं मिश्रण जुन्या वायूला बाहेर ढकलतं आणि त्या धांदलीत स्वतःही निसटतं. कार्बोरेटरच्या साध्या इंजिनात हे निसटणं पाव हिश्श्याच्या घरात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे कापूस विकून आलेल्या पैशातून चार लिटर पेट्रोल भरलं, तर त्यातलं लिटरभर न जळताच सायलेन्सरमधून हवेत. गाडी दाखवली की पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असा येतो, त्या मुलखात ही गोष्ट.

यावरचा उपाय नवा नव्हता. निकोलाऊस ऑटोनं फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवलं ते 1876 साली. त्यात झडपा असतात, आत येणं आणि बाहेर जाणं बरंचसं वेगळं होतं, आणि पेट्रोल जळायला थांबतं. मग आपल्याकडे इतका उशीर का? टू-स्ट्रोक स्वस्त, हलकं, गावातल्या मिस्त्रीला झाडाखाली बसून उघडता येणारं, हे खरंच. पण माझ्या मते मोठं कारण रांग होतं. शेजारच्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या घराण्यातली बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनवायची. 1971 मध्ये तो करार संपला आणि चेतक आली. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवणार, गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहणार. ज्याच्या दारात अशी रांग, तो इंजिन कशाला बदलेल? इंजिनिअरांना मी यात फारसा दोष देत नाही.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि रांग हलली. 97 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, लिटरला 80 किलोमीटरचा दावा. बजाजनं कावासाकीच्या साथीनं 1991 मध्ये फोर-एस चॅम्पियन काढली.

त्याच वर्षी धुरावर कायद्यानं मर्यादा आली, पण सैल. 1996 मध्ये दुचाकीनं किलोमीटरला 4.5 ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडू नये असं ठरलं. 2000 मध्ये तोच आकडा 2 ग्रॅम झाला. हायड्रोकार्बन, म्हणजे मुख्यतः तेच निसटलेलं पेट्रोल, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून मर्यादा 3.6 वरून 2 वर आली. टू-स्ट्रोकवाल्यांनी सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून पाहिला. इथे एक गंमत आहे. कन्व्हर्टर निसटलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाळतो. हवा सुधारते, पण गाडी त्यानं एक फूटही पुढे सरकत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे गेले ते गेलेच. फोर-स्ट्रोकनं दोन्ही साधलं, आणि मला वाटतं, म्हणूनच तो टिकला.

आकडे ठरायचे पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांत. ही संस्था 1966 ची. गाडी रोलरवर चढवायची आणि ठरलेल्या तालात पळवायची. त्या भारतीय चक्राचा एक फेरा 108 सेकंदांचा, कमाल वेग ताशी 42 किलोमीटर. त्यात आर्णी रोडवरचे खड्डे नव्हते, मागे बायको, पुढे पोर आणि पायाशी खताचं पोतंही नव्हतं. जाहिरातीतला अ‍ॅव्हरेज आणि घरचा अ‍ॅव्हरेज यांची कधी गाठ पडली नाही, यात नवल ते काय!

2003 मध्ये बजाजनं पल्सरला एकाच सिलिंडरमध्ये दोन प्लग दिले, डीटीएस-आय. दोन्हीकडून ठिणगी पडल्यानं ज्योतीला अंतर कमी कापावं लागतं, आणि पेट्रोल कमी असलेलं मिश्रणही नीट जळतं. पुढचा रेटा न्यायालयाचा: बीएस-3 च्या गाड्या 1 एप्रिल 2017 पासून विकायच्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं अवघे तीन दिवस आधी सांगितलं. 2020 च्या बीएस-6 नं नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास घालवला. आता पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. स्क्रू अर्धा आटा फिरवून, कान लावून गाडी लावणाऱ्या मिस्त्रीकडे नवी गाडी आली तर तो आधी हात पुसतो आणि शोरूमचा रस्ता दाखवतो. धूर कमी झाला, त्याची किंमत त्याच्या दुकानानंही मोजली.

चेतक 2020 मध्ये विजेवर परत आली, लुना 2024 मध्ये. दोघींना सायलेन्सर नाही. चार्जिंगची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, आणि कोळसा आमच्याच जिल्ह्यात, वणीच्या खाणींतही निघतो.