तेल निववण्याची जागा

१९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शे कारखान्याने जी मोटार मांडली आणि जी पुढे ९११ या अंकाने विख्यात झाली, तिला पाण्याचा रेडिएटर मुळी नव्हताच. सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे. ते निववण्याचे काम पंख्याचा वारा आणि तेल यांनी वाटून घेतलेले. ऑईल कूलरही इंजिनालाच, त्या पंख्याच्या झोतात जोडलेला. १३० अश्वशक्तीला ही व्यवस्था पुरेशी होती.

१९६९ च्या ९११ एसमध्ये शक्ती १७० वर गेली आणि दुसरा कूलर भाग पडला. तो बसवावा कुठे? गाडीची शेपटी आधीच जड. म्हणून तो उजव्या पुढच्या मडगार्डात नेला. लांबलचक नळ्या आल्या, गळतीची धास्तीही आली. परंतु ताजी हवा लाभली आणि थोडे वजन पुढे सरकले. तेल गार असेतो थर्मोस्टॅट ते पुढे जाऊ देत नसे, कारण दाट, थंड तेलही इंजिनाला मानवत नाही.

वजनाचा हाच ध्यास १९७२ च्या गाडीत तेलाच्या टाकीपर्यंत पोचला. टाकी मागच्या चाकाच्या पुढे आली, तिचे झाकण बाहेरून उघडू लागले आणि पंपावरच्या नोकरांनी त्यात पेट्रोल ओतले, असे सांगतात! पुढच्याच वर्षी टाकी मुकाट्याने मूळ जागी परतली.

१९७३ च्या आरएसआर या शर्यतीच्या गाडीत मात्र कूलर थेट नाकाच्या मध्यभागी, वाऱ्याच्या तोंडी आला. त्या वर्षी तिने डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ या दोन्ही जिंकल्या.