पंचायतीची जीप आणि तिचा मिस्त्री

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचे माहेर. तेव्हा तसे होणारच. पण आज मी तुम्हांला ज्या माणसाचा इतिहास सांगणार आहे, त्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर सापडायचे नाही. हा माणूस म्हणजे पंचायत समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या गाड्या चालत्या ठेवणारा मिस्त्री.

सातपुड्याच्या पायथ्याचे सोनाळा गाव घ्या. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बुलढाणा घाटावर, सोनाळा घाटाखाली, आणि मध्ये पूर्णेचे खोरे. सोनाळ्याहून बुलढाण्यास जायचे म्हणजे काळ्या मातीचा सपाट मुलूख तुडवायचा, पूर्णा ओलांडायची, आणि मग राजूरचा किंवा बोथ्याचा घाट चढायचा. उलट दिशेला डोंगरातल्या आदिवासी वस्त्या. उन्हाळ्यात धुरळा आणि पावसाळ्यात चिखल. अशा मुलखात कारभार पोचायचा कसा? तो बैलगाडीने पोचे, घोड्यावरून पोचे, नाहीतर पोचतच नसे.

मग आली जीप. ही गाडी मूळची लढाईची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखांनी बनवली. चार सिलिंडरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन, आणि जरूर पडली तर चारही चाकांना जोर देण्याची सोय. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, आणि लढाईतली ही गाडी विकासाच्या कामाला जुंपली गेली. त्या वेळी आपला वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि स्थानिक कारभार जनपद सभांकडे होता. पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सोनाळा तेव्हा जळगाव जामोद तालुक्यात होते. संग्रामपूर तालुका मागाहून झाला. खेड्यात जीप शिरली की पोरे मागे धावत, आणि म्हातारी माणसे म्हणत, ‘सरकार आलं.’

आता हे सरकार चालत होते कशावर? पेट्रोलवर म्हणाल, तर ते अर्धेच खरे. कच्च्या रस्त्याची धूळ इंजिनात गेली, तर इंजिन आतून झिजते. म्हणून जीपच्या एअर क्लीनरमध्ये तेल असे. हवा त्यावरून जाई आणि धूळ तेलात अडके. ते तेल गढूळ झाले की बदलायचे. ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण विसरली तर इंजिनच उघडावे लागे. वऱ्हाडच्या वैशाखात पेट्रोलची पंपातच वाफ होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडे. मग पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि धीर धरायचा. नाला ओलांडायचा तर आधी फॅनबेल्ट उतरवायचा, नाहीतर पंख्याने उडालेले पाणी डिस्ट्रिब्यूटरवर पडून ठिणगी बंद व्हायची. पलीकडे गेल्यावर ब्रेक ओले. ते हलके दाबत दाबत वाळवायचे, आणि मगच वेग घ्यायचा. अशा कितीतरी युक्त्या वाटेत अडलेल्या ड्रायव्हरांनी शोधल्या, मिस्त्र्यांनी पक्क्या केल्या, आणि हाताखालच्या पोराने नुसत्या बघून उचलल्या.

सुट्या भागांची कथा निराळी. भाग हवा तर मागणीपत्र, दरपत्रके, मंजुरी, आणि मग खरेदी. कागद फिरत असताना गाडी ठोकळ्यांवर उभी. तेव्हा मिस्त्री काय करी? निर्लेखित गाडीचा एक्सल काढून चालत्या गाडीला लावी, आणि पाटा तुटला तर लोहाराकडे जाई. यात गंमत नाही, बरं का! हिवतापाच्या फवारणीचे पथक, देवीची लस टोचणारा माणूस, अडलेली बाळंतीण, या साऱ्यांचा रस्ता त्या ठोकळ्यांवरच्या गाडीपाशी येऊन थांबे. जीप आठ दिवस बंद, म्हणजे डोंगरातली वस्ती आठ दिवस एकटी.

काळ बदलला. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि हळूहळू डिझेलच्या गाड्या आल्या. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी चालू ठेवता येत नाही. त्यांत स्थानिक संस्थांच्या गाड्याही आल्या. जुनी, धूर ओकणारी गाडी मोडीत जावी हे योग्यच. पण गाडीबरोबर तिचे लॉगबुकही रद्दीत जाते, आणि हानी तिथे होते.

का, ते सांगतो. लॉगबुकात तारीख असते, कोठून कोठे गेली ते असते, किलोमीटर असतात, कामाचे कारण असते. शासन कोणत्या गावी किती वेळा गेले आणि कोणत्या गावी कधीच गेले नाही, हे त्यात उघड होते. पावसाळ्यातली पाने कोरी असतील, तर रस्ता बंद होता की गाडी बंद होती? त्याचे उत्तर मिस्त्र्याच्या दुरुस्तीच्या वहीत मिळते. अहवाल सांगतो काय करायचे ठरले; या दोन वह्या सांगतात प्रत्यक्षात काय झाले.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. आपल्या गावात असा एखादा निवृत्त मिस्त्री किंवा ड्रायव्हर असेलच. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. कोणती गाडी होती, ती कोठे अडे, काय करून काढत, हे मुलांनी विचारावे आणि लिहून घ्यावे. पंचायत समितीत जुनी लॉगबुके शिल्लक असतील, तर ती रद्दीत जाण्याआधी पाहायला मागा. घाई करा, कारण वह्यांना वाळवी लागते, आणि ही माणसेही आता थकली आहेत.