पायवाट, हमरस्ता आणि नरसीची परतवारी

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी वसलेले नरसी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून परंपरेने मान्य आहे. आषाढ वद्य एकादशीस येथे परतवारी भरते. पंढरीहून परतणारे वारकरी आणि आसपासच्या गावांतील भाविक यांची त्या दिवशी नरसीच्या वाटांवर रीघ लागते. त्यांतील कितीतरी पायीच येतात. चालणारा हा या रस्त्यांचा सर्वांत जुना धनी होय. असे असता रस्त्याच्या आखणीतून तो केव्हा व कसा वगळला गेला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे.

याचे मूळ रस्त्यांच्या जमाखर्चात सापडते. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले गृहस्थ होत. समितीच्या शिफारशींनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार बसला व त्यातून रस्तेनिधी उभा राहिला. योजना दूरदृष्टीची होती, यात शंका नाही. परंतु जो पेट्रोल जाळतो तोच रस्त्याचा ग्राहक, ही समजूत तिच्यासोबत आली. सायकलस्वाराची गत तर अधिकच चमत्कारिक झाली. अनेक नगरपालिका त्याच्याकडून कर घेत व सायकलीला पितळी बिल्ला लावीत. वेगळी वाट मात्र त्याला क्वचितच मिळाली.

१९४३ च्या डिसेंबरात प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी ठरविली. नरसी त्या काळी निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते. शेतीने संपन्न अशा प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हा या आराखड्याचा एक निकष होता. या निकषाचा बारकाईने विचार केला पाहिजे. खेडूत रस्त्यापर्यंत चालत येणार, हे त्यात गृहीत होते. रस्त्यावरूनही तो चालत राहणार, हे कोणी गृहीत धरले नाही. पुढे भारतीय रस्ते काँग्रेसने १९६२ मध्ये सायकलमार्गांविषयी आणि १९८८ मध्ये पादचाऱ्यांच्या सोयींविषयी निर्देश प्रसिद्ध केले. २०१२ च्या सुधारित निर्देशांत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. तथापि या विचाराचा रोख मुख्यतः शहरांकडे राहिला. खेड्यातील माणसाच्या वाट्याला साइडपट्टी आली, आणि तीही अनेकदा खचलेली.

या उपेक्षेची किंमत नामदेवांच्याच दिंडीला मोजावी लागली. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी पंढरपूरहून आळंदीस निघालेल्या नामदेवांच्या पालखीसोहळ्यात दिवे घाटात एक जेसीबी यंत्र घुसले. दोघांचा मृत्यू झाला. त्यांतील एक नामदेवांच्या घराण्यातील सतरावे वंशज होते. पुढे ८ नोव्हेंबर २०२१ रोजी संत ज्ञानेश्वर व संत तुकाराम पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि दोन्ही बाजूंस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायमार्ग योजनेतच अंतर्भूत करण्यात आले. महामार्गाच्या नकाशावर चालणाऱ्यासाठी इतक्या लांबीची रेघ प्रथमतःच ओढली जात होती, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र मराठवाड्यातून जाणाऱ्या दिंड्यांच्या वाटा या दोहोंहून निराळ्या आहेत.

कायद्यानेही उशिरा का होईना, दखल घेतली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पादचारी व यंत्रविरहित वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरील हक्क जीविताच्या मूलभूत हक्कात समाविष्ट असल्याचे सांगितले, आणि ऑक्टोबरात असे नियम सहा महिन्यांत करण्याचा आदेश राज्यांना दिला. पादचारी व वाहने जेथे एकत्र वावरतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, हे २०२० च्या स्टॉकहोम घोषणापत्राचे आवाहनही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. गावातून जाणाऱ्या रस्त्याला ते शहराइतकेच लागू पडते.

नरसीपुढील प्रश्न पालखी महामार्गाचा नव्हे, रोजच्या वाटेचा आहे. वारीच्या दिवसांत वाहने अन्य मार्गाने वळवून चालणाऱ्यास रस्ता मोकळा करून देण्याची रीत प्रशासनास चांगली अवगत आहे; पुण्याजवळचा दिवे घाट पालखीच्या वेळी दरवर्षी वाहनांस बंद असतोच. ही सवलत तिथीची आहे, वाटेची नाही. परतवारीची एकादशी पंचांगात आधीच छापलेली असते. शाळेला सायकलवरून निघालेली मुलगी आणि भारा घेऊन शिवारातून परतणारी बाई यांची मात्र कोणत्याही पंचांगात नोंद नसते, आणि रस्ता त्यांना रोजच लागतो.