बाळाला भगंदर? आधी थोडा इतिहास

चार-पाच महिन्यांच्या बाळाच्या शौचाच्या जागेजवळ गळू येते, फुटते, बरे वाटते आणि पुन्हा पाझरू लागते. घरातले कोणीतरी 'भगंदर' म्हणते आणि आता बाळाची चिरफाड होणार या धास्तीने आई-वडील कसबा बावड्यातल्या माझ्या दवाखान्यात येतात. ही धास्ती उगाच नाही. तिला फार जुना इतिहास आहे.

सुश्रुताने भगंदर आठ महारोगांत धरला. त्याचे पाच प्रकार सांगितले, शस्त्रकर्म सांगितले आणि क्षारसूत्रही. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात निवडुंगाचा चीक आणि हळद लावलेला दोरा येतो. असा दोरा नळीतून ओवून बांधला की नळी हळूहळू कापली जाते आणि मागून जखम भरत येते.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भगंदरावर फेलिक्स या शल्यविशारदाने १८ नोव्हेंबर १६८६ रोजी शस्त्रक्रिया केली, तीही भुलीशिवाय. लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ साली खास याच रोगांसाठी दवाखाना काढला. तेच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय झाले. तिथल्या पार्क्स यांनी १९७६ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरतात.

पण हे सारे शहाणपण मोठ्या माणसांवरून आलेले. मोठ्यांचा भगंदर सहसा आपोआप बरा होत नाही, म्हणून बाळांवरही सुरी चालवली गेली. गेल्या काही दशकांत बालशल्यचिकित्सकांना वेगळेच दिसले. वर्षाच्या आतल्या बाळांत, आणि ती बहुतेक मुलगेच असतात, नळी सरळ व उथळ असते आणि पुष्कळदा काही महिन्यांत आपली आपण बुजते.

म्हणून बाळ खेळते, दूध पिते, ताप नाही, तर घाई नको. कोमट पाण्यात बसवा, जागा स्वच्छ व कोरडी ठेवा. गळू दाबू नका, सुई टोचू नका, मनाने लेप लावू नका. डॉक्टरांना मात्र दाखवत राहा. वर्ष उलटूनही पाझर थांबला नाही, तर छोटी शस्त्रक्रिया करता येते.

ताप आला, बाळ मलूल झाले, दूध सोडले किंवा लाली पसरली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. थोड्या मोठ्या मुलाला हा त्रास पुन्हा पुन्हा झाला, तर क्षयरोग, आतड्याचा क्रोन आजार आणि कमी प्रतिकारशक्ती यांचा तपास हवा.

नाव जुनेच असले, तरी बाळाचा भगंदर राजाच्या भगंदरासारखा नसतो.