सर, अपन किधर थे?

2018 साली रमजान ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. मुक्काम धुळ्याला, सासुरवाडीत. तरावीहनंतर उकाड्याने झोप येईना, म्हणून मेव्हण्याच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढले. मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ ही कादंबरी, राजहंस प्रकाशनाने 2015 मध्ये काढलेली. ऑक्टोबर 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्या लुटीतला एक हिस्सा वाटेत गडप झाला आणि आजची माणसे तो शोधायला निघाली, असा सारा मामला. सेहरीची हाक आली तरी पुस्तक हातातून सुटेना. तीन रात्री हाच प्रकार. बेगमला वाटले, मी कसल्या तरी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. तिने खजुरांबरोबर बदाम सुरू केले. खरे कळल्यावर बदाम बंद झाले.

अशी पुस्तके वाचताना आपल्यासारख्या वाचकाला एक जादा काम असते. इतर वाचक विचारतात, खजिना कुठे आहे? आपण विचारतो, आता जो खान येणार तो कसा निघणार? एक डोळा खजिन्यावर, दुसरा खानावर. सुरतेहून परतणाऱ्या महाराजांना 17 ऑक्टोबर 1670 रोजी दिंडोरीजवळ मोगलांकडून अडवायला आला तो दाऊद खान कुरैशी. मी इतिहास शिकवतो, हे मला ठाऊकच होते. तरी त्याची आठवण झाली की जिम्मेदार नातेवाईकासारखा मी सावरून बसे. कुरैशी आडनावाची निम्मी मंडळी माझ्या ओळखीची, त्यांच्यापैकी एकाने तर माझ्या लग्नाचा सालन रांधला होता!

पुस्तक संपले, पण रोग राहिला. ईदनंतर मी मेव्हण्याला मोटरसायकलवर बसवून शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला नेले. तापीच्या काठावरचे हे गाव फारुकी घराण्याची पहिली गादी. मलिक राजाला फिरोजशहा तुघलकाने 1370 च्या सुमारास इथली जहागीर दिली. तो 1399 मध्ये वारला. त्याची आणि त्याच्या वारसांची थडगी इथेच आहेत, लोक त्यांना हजिरे म्हणतात. मी प्रत्येक दगडाकडे संशयाने बघत होतो. मेव्हणा ओरडला, “दुल्हेभाई, इधर कुछ लिखा है!” धावत गेलो. बदामाच्या आकारात बाण होता आणि आत ‘एस’ व ‘पी’. खूण ताजी होती. शेळ्या चारणारा एक म्हातारा बराच वेळ आमच्याकडे बघत होता. तो म्हणाला, “काय धुंडी ऱ्हायनात भो? आठे सोनं नई शे.” त्याच्या आवाजात अनुभव होता.

शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गाला ही फजिती सांगितली. मुले पोट धरून हसली. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, “सर, इसमें अपन किधर थे?”

मी पटकन म्हणालो, “पान 40 काढा.” बी.एड.ला शिकवलेली ही सर्वांत उपयोगी युक्ती.

प्रश्न मात्र पिच्छा सोडेना. सुरतेतले व्यापारी आपण, की दाऊद खानाचे स्वार आपण? शाळेपासून जवळ म्हणून मी धरणगावाचे बघितले. तिथे 1674 मध्ये इंग्रजांनी वखार घातली, ती कापडासाठी. मराठी फौजेने ते गाव 1675 मध्ये लुटले आणि 1679 मध्ये चोपड्यासह पुन्हा लुटले. खानदेश तेव्हा मोगलांचा, म्हणून लूट मोगलांची समजायची. पण ते कापड विणणारा विणकर, मग तो कुठल्याही जातीचा, धर्माचा असो, त्या रात्री आपल्याला मोगल समजत असेल काय? आणि फौज कोणाचीही असो, घोड्याचा चारा शेवटी कोणाच्या शेतातून जात होता?

पुढच्या तासाला मी वर्गाला असीरगड सांगितला. बऱ्हाणपूरच्या पलीकडचा हा किल्ला म्हणजे जुन्या खानदेशची किल्लीच. फिरिश्ता लिहितो की मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने तो आसा अहिराकडून दगाबाजीने घेतला. माझ्या बायकामुलांना आसरा दे, अशी विनवणी केली आणि डोल्यांतून शिपाई पाठवले. रोहतासगड शेरशहाने 1538 मध्ये असाच घेतला म्हणतात. डोल्यांच्या गोष्टी इतक्या किल्ल्यांच्या नावावर आहेत की एकाही किल्लेदाराने पडदा वर करून कसा पाहिला नाही, याचेच नवल वाटते. त्यांना थोडे वाचन हवे होते.

तोच गड अकबराने जानेवारी 1601 मध्ये घेतला. कसा? इथे दोन साक्षी आहेत. अबुल फजल म्हणतो, गडात साथ पसरली, माणसे मरू लागली, गड खाली झाला. अकबराच्या छावणीत जेसुइट पाद्री होते. त्यांच्या पत्रांतून आलेली हकीकत अशी की बहादूर खान फारुकीला शपथ घेऊन बोलणीसाठी खाली बोलावले आणि अडकवले, मग गडावरच्या सरदारांना सोनेनाणे चारले. विन्सेंट स्मिथने 1917 च्या आपल्या ग्रंथात पाद्र्यांवर विश्वास ठेवला, नंतरच्या काही अभ्यासकांनी त्यात खोट काढली. अकबराने मात्र विजयाच्या भरात शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचे ‘दानदेश’ केले. ते कोणाच्याही जिभेवर बसले नाही.

मी वर्गात मतदान घेतले. साथ की लाच? लाचेला जवळजवळ सगळे हात वर. साथीला एक, तोही शेजाऱ्याने कोपर मारल्यावर खाली गेला. खरे सांगायचे तर माझेही मत लाचेलाच होते. दोन्हीकडे मुसलमान, तरी आम्हाला गद्दार हवाच होता. हरलो म्हणजे कोणीतरी दरवाजा उघडला असणार. साथीत काय मजा? साथीला चेहरा नसतो, नाव नसते, तिच्यावर कादंबरी चालत नाही. मी मुलांना तसे सांगितलेही, जरा ऐटीतच.

मग 2020 साल आले. साथीलाही चेहरा, दाढी आणि टोपी मिळू शकते, हे आपण सर्वांनी पाहिले. एप्रिलमध्ये भाजीची गाडी ओढणाऱ्या माझ्या ओळखीच्या माणसाला गल्लीत नाव विचारून परत पाठवले गेले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातल्या 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटात बळीचा बकरा शोधला जातो, यांनाही तसेच निवडले गेले असण्याची शक्यता आहे, असे नोंदवले. तोवर गाडीवाल्याचा हंगाम गेला होता.

2022 मध्ये सातवीच्या नव्या वर्गात पुन्हा असीरगड काढला, पुन्हा हात वर करायला लावले. या वेळी साथीला अर्ध्याच्या जवळपास हात होते. मास्क हनुवटीवर असलेली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, बीमारी थी तो उस टाइम लोगां किसका नाम लिए? कौन लाया बोले?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी आठवून सांगितले की अबुल फजलच्या म्हणण्याप्रमाणे गडात बेसुमार माणसे आणि जनावरे कोंडली होती, त्यामुळे हवा बिघडली.

“मतलब उस टाइम भी बकरेपेच आया क्या, सर?”

वर्ग हसला. मीही हसलो. फळ्यावर तारीख लिहायची राहिली होती, ती लिहायला वळलो.